मागून पहिला

शरद ऋतू आमच्या सांगलीत पंचांगात येतो, शाळेतल्या निबंधात येतो आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर येतो. प्रत्यक्षात येतो तो ऑक्टोबर. विलायतेतल्या लोकांचं बरं आहे. तिकडे या दिवसांत झाडांची पानं लाल-पिवळी होतात, हलकेच गळतात आणि त्यांच्यावरून सायकली हाकत मंडळी दूरच्या खेड्यातल्या खानावळीत जेवायला जातात. हौशी सायकलस्वारांची संस्था तिथे १८७८ सालीच निघाली, म्हणजे हा उद्योग त्यांच्याकडे चार-पाच पिढ्यांचा. आमच्याकडे या दिवसांत पानं गळत नाहीत, घाम गळतो. सकाळी साडेनऊनंतरचं ऊन असं काही चावतं, की त्यापेक्षा गांधीलमाशी बरी.

पण पहाटे साडेपाच ते साडेनऊ हे चार तास मात्र देवानं खास सायकलवाल्यांसाठी काढून ठेवलेले आहेत. पाऊस संपलेला असतो. कृष्णामाई आपल्या पात्रात परत जाऊन, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं वाहत असते. (आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही तिची धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये तिनं ५७ फूट ओलांडले होते. पण ऑक्टोबरात तिच्याकडे पाहून हे कुणाला खरं वाटायचं नाही.) रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच ऊस, मध्येच सोयाबीनची मळणी, शाळूची पेरणी, आणि पलूस-तासगावकडे द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची गडबड. अशा वेळी अंथरुणात पडून राहणाऱ्या माणसाला एक तर ताप असावा, नाही तर नवीन लग्न झालेलं असावं.

आमच्या सायकल क्लबची वार्षिक सहल कोजागिरीनंतरच्या रविवारी निघते ती यामुळे. क्लबला नाव आहे, पण ते जर्सीवर छापलं होतं आणि पहिल्याच धुण्यात गेलं. तेव्हापासून नुसता 'क्लब' म्हणतात. सभासदांत एक वकीलसाहेब आहेत, साडीच्या दुकानाचे एक मालक आहेत, कॉलेजातल्या दोन प्राध्यापिका आहेत आणि एक डॉक्टरबाई आहेत. डॉक्टरबाई प्रत्येक पेशंटला गोळ्यांबरोबर सायकल लिहून देतात, त्यामुळे निम्मा क्लब त्यांच्या फाइलीतून आलेला आहे. मी बी. कॉम. असून बँकेत कारकून आहे, एवढ्याशा पुराव्यावर मला खजिनदार केलं गेलं. सहलीच्या दिवशी नाष्ट्याचे पैसे गोळा करणं आणि डोकी मोजणं ही माझी कामं. पैकी पैसे कमी भरले तर खिशातून घालता येतात. डोक्यांचं तसं नसतं.

या सहलीला साताऱ्याची मंडळीही येतात. एक वर्ष आम्ही त्यांच्याकडे, एक वर्ष ते आमच्याकडे, असा भाऊबंदकीतला रिवाज आहे. भाऊबंदकी म्हणायचं कारण, १९४९ साली साताऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा त्याचं नाव 'दक्षिण सातारा' असं होतं, 'सांगली' हे नाव मिळायला १९६० साल उजाडलं. त्यामुळे सातारकर अजूनही आमच्याकडे, वेगळ्या निघालेल्या धाकट्या भावाचा संसार बघायला आल्यासारखे येतात. येताना कंदी पेढे आणतात, जाताना भडंग नेतात, आणि मध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढा वेळ यवतेश्वरच्या घाटाबद्दल बोलतात.

हा घाट सातारकरांच्या घरामागेच आहे. तो चढून गेलं की कास पठार. तिथली फुलं पाहायला देशभरातून लोक येतात आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोनं ते जागतिक वारशात घातलं. जगाचा वारसा खरा, पण चढायचा आपल्याच मांड्यांनी. सांगलीच्या माणसाला चढ म्हणजे काय हे आयर्विन पुलापुरतंच माहीत. पहिल्यांदा आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा दुसऱ्या वळणालाच अर्धा क्लब खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागला. आपल्या पूर्वजांनी सायकलला 'पायगाडी' हा शब्द किती विचारपूर्वक काढला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या घाटात सगळ्यांच्या मागे, कुणाला 'चला, चला' असं न म्हणता, शिट्टी गळ्यात अडकवून शांतपणे चालत होते ते आमचे गार्डसाहेब. रेल्वेत पस्तीस वर्षं गार्ड होते. ते निवृत्त झाल्यावर, २०२२ साली, रेल्वेनं गार्ड हे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. "घरी बसल्यावर मिळालेली बढती" असं ते म्हणतात, आणि आम्ही त्यांना गार्डसाहेबच म्हणतो. पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात काढल्यामुळे त्यांना पुढे राहणं जमतच नाही. पाच जण फिरायला निघाले तरी ते पाचवे. क्लबात पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांना सांगितलं, की सगळ्यांच्या मागून जो चालवतो त्याला इंग्रजीत 'स्वीप' म्हणतात. ते म्हणाले, "स्वीप म्हणजे झाडू. आम्ही झाडत नाही ओ, आम्ही आणतो."

फ्रान्समध्ये १९०३ पासून एक मोठी सायकल शर्यत चालते. तिच्यात सगळ्यांत मागे राहणाऱ्याला 'लांतर्न रूज', म्हणजे लाल कंदील म्हणतात. हा कंदील आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरचा. हे ऐकल्यावर गार्डसाहेबांना फ्रेंच लोकांबद्दल एकदम आदर वाटू लागला.

आता गुरुजी. गुरुजींचं वय एकाहत्तर. प्राथमिक शाळेत पोरांना गणित शिकवण्यात हयात गेली. सायकल काळी, चोवीस इंची, पूर्ण चेनकव्हर, कॅरियर, स्टँड आणि दोन गावं जागी करील अशी घंटा. १९७६ साली पहिल्या पगारातून घेतलेली. नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला अजून हँडलखाली लटकतोय. कर गेला, बिल्ला गेला नाही. क्लबात माझ्या स्कूटरपेक्षा महाग सायकली आहेत, पण पाऊस आला की सगळे आपल्या सायकली गुरुजींच्या सायकलीपासून लांब लावतात, कारण ती पडली तर हिचं काही होणार नाही.

गुरुजींच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्याला. आठवड्यातले सहा दिवस गुरुजी बोलतात ते दूधवाल्याशी आणि टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशी. पैकी दुसरा ऐकत नाही. सातव्या दिवशी आम्ही. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण रविवारी पावणेसहाला जमायचं ठरलं असलं, की सव्वापाचला चौकात घंटा वाजते, आणि चौकात तेव्हा कुत्रंसुद्धा नसतं, यावरून माणसानं काय ते समजावं.

दर वर्षी गुरुजींचा वेग थोडा थोडा उतरत होता. ताशी अठरा होता, सोळा झाला, मग चौदा. बँकेत व्याजाचे दर असे उतरताना मी पाहिलेत, कुणी घोषणा करत नाही, पण ठेवीदाराला कळतं. आणि आमच्या क्लबात हल्ली एक इंजिनिअर आला होता. वय सत्तावीस, मुलगा गुणी, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. फक्त त्याच्या मनगटाला, हँडलला आणि छातीला मिळून तीन यंत्रं बांधलेली असायची आणि ती तिन्ही त्याला सरासरी सांगायची. त्याला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस करायचं होतं. दर चार वर्षांनी होणारी ही बाराशे किलोमीटरची सफर नव्वद तासांत पुरी करायची असते. त्याच्या तयारीला साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर वगैरे पायऱ्या असतात. आमच्याबरोबर भिलवडीपर्यंत ताशी चौदानं जाणं हे त्याच्या दृष्टीनं, मॅट्रिक होऊ घातलेल्या पोराला पुन्हा बालवर्गात बसवण्यासारखं होतं.

गेल्या कोजागिरीला वकीलसाहेबांच्या गच्चीवर दूध उकळत होतं तेव्हा त्यानं ठराव मांडला. दोन गट करायचे. 'अ' गट वेगानं जाईल, 'ब' गट सावकाश येईल, 'ब' च्या मागे एक टेम्पो राहील, आणि जो दमेल त्याला सायकलीसकट उचलून घेता येईल. ठरावात वावगं असं काही नव्हतं. अडचण एवढीच, की 'ब' गटात कोण कोण याची यादी करायला बसल्यावर एकच नाव निघेना, आणि ज्याचं ते नाव होतं तो माणूस समोर चारोळी चावत बसला होता.

गच्चीवर अशी शांतता पसरली, की दुधावर साय धरल्याचा आवाज आला असता.

शेवटी गुरुजीच म्हणाले, "बरोबर आहे पोराचं. एका मुलासाठी वर्गातल्या चाळीस मुलांना थांबवता येत नाही. मी तरी कुठं थांबवत होतो? या वर्षी यादीत नाव आहे म्हणून येतो. पुढच्या वर्षी मी घरीच बरा." आणि पेला विसळायला उठले. मागोमाग गार्डसाहेब उठले. ते काही बोलले नाहीत. पण त्यांनी गळ्यात नसलेली शिट्टी चाचपली ती मी पाहिली.

त्या रविवारी आम्ही पावणेसहाला निघालो. सांगलीचे सोळा, साताऱ्याचे सात, एकूण तेवीस. बेत किर्लोस्करवाडीचा, म्हणजे साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर. परतीला सायकली टेम्पोत आणि माणसं एस.टी.त. नांद्रे येईपर्यंत अंधार सरला. सातारकर सपाट रस्ता पाहून "काय मर्दा, हा काय रस्ता हाय का जेवणाचं ताट?" असं म्हणत होते. पण चढ नसल्यामुळे पायडल सोडून आराम करायला उतारही मिळेना, तेव्हा गप्प झाले. गप्पांना खरा रंग सपाटीवरच चढतो. वकीलसाहेब एका सातारकराला त्याच्या बांधाच्या भांडणाबद्दल फुकट सल्ला देत होते. डॉक्टरबाई साडीवाल्यांना 'पेढा नको' हे तिसऱ्यांदा सांगत होत्या. आणि मोटारीत काच वर करून बसलेल्या माणसाला जे कधी मिळत नाही ते आम्हाला मिळत होतं, म्हणजे ओल्या मातीचा वास, कुणाच्या तरी चुलीवरच्या भाकरीचा वास आणि "कुठली ओ पाव्हणं?" अशी बांधावरून आलेली हाक. प्रत्येक हाकेला गुरुजी थांबून सविस्तर उत्तर देत. त्यामुळे सरासरी आणखी घटली.

नांद्र्याला इंजिनिअर म्हणाला, "काका, मी जरा पुढं होतो." आणि दिसेनासा झाला. मी मनातल्या मनात तेविसातून एक वजा केला आणि पुढची बेरीज जुळवत राहिलो.

आम्ही वसगडे मागे टाकलं. भिलवडी स्टेशन जवळ आलं. १९३९ साली भिलवडीतच चितळ्यांच्या दुधाचा व्यवसाय सुरू झाला, ही माहिती गुरुजींनी सातारकरांना दिली, आणि पुण्याच्या बाकरवडीचं मूळ कृष्णाकाठी आहे हे कळल्यावर सातारकरांनी कंदी पेढ्याची पुडी पुन्हा एकदा उघडून आपली बाजू मांडली. पेढे खात उभे होतो एवढ्यात समोरून, म्हणजे किर्लोस्करवाडीच्या बाजूनं, एक सायकल येताना दिसली. इंजिनिअर.

"काय रे, काय विसरलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. पोचला होता सव्वासातला. मिसळ मागवली, खाल्ली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हॉटेलवाल्याला सरासरी दाखवली. हॉटेलवाल्यानं "पाव आणखी देऊ का?" असं विचारलं. मग दहा मिनिटं बसला. मग उठून दहा-बारा किलोमीटर मागे आला. "तुम्ही येईना झालात," एवढंच म्हणाला.

गुरुजींनी पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि जुन्या सवयीनं गणित घातलं. "एका ठिकाणाहून, एकाच वेळी, एकाच दिशेनं दोन गाड्या निघाल्या. एक ताशी अठ्ठावीस, एक ताशी चौदा. तर वाटेत कधी भेटतील?"

पोरगं इंजिनिअर होतं. क्षणभर विचार करून म्हणालं, "नाही भेटणार गुरुजी. पहिली मागं फिरली तरच."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "बस खाली." भर रस्त्यात खाली बसायचं कुठे, म्हणून तो सायकलीवर बसला आणि त्यांच्या शेजारून चालवू लागला. पुढे पलूसपर्यंत तो ताशी तेरानं चालला होता. तिन्ही यंत्रं छातीवर, मनगटावर आणि हँडलवर कासावीस झाली असतील.

किर्लोस्करवाडी हे सायकलवाल्यांचं खरं म्हणजे तीर्थक्षेत्र आहे, पण आम्हालाच ते माहीत नसतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ("मास्तरच होते," गुरुजी अभिमानानं म्हणाले.) त्यांनी १८८८ साली बेळगावात धंदा सुरू केला तो सायकलींचा. पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते अशा समजुतीनं शेतकरी तो घेईनात, तरी ते थांबले. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली तेव्हा कुंडल रोड स्टेशनाजवळच्या या माळावर कारखाना आला. १९२० पासून इथूनच मासिक निघू लागलं, आणि कुंडल रोडची किर्लोस्करवाडी झाली. आज पंपांच्या नावानं ओळखलं जाणारं हे सगळं प्रकरण मुळात दोन चाकांवरून इथवर आलं. घाई करून आलं नाही. बावीस वर्षं लागली.

नाष्टा झाला. स्टेशनाजवळ सावलीला उभे होतो तेव्हा एक मालगाडी न थांबता निघून गेली. साताऱ्याच्या एका पाहुण्यानं पाहिलं, की फलाटावरचा रेल्वेचा माणूस हिरवं निशाण धरून शेवटपर्यंत उभा आहे. "इंजिन गेलं की आत जायला काय झालं याला?" त्यानं विचारलं.

एरवी मोजून चार शब्द बोलणारे गार्डसाहेब त्या दिवशी बोलले. "इंजिनाकडं बघायला माणूस लागत नाही ओ. ते बोंबलतच येतं. हा बघतोय शेवटच्या डब्याकडं. तिथं एल.व्ही.ची पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. ती दिसली की म्हणायचं, गाडी पुरती आली. नाही दिसली तर समजायचं, डबे मागं कुठंतरी सुटलेत. मग पुढचं इंजिन कितीका वेळेवर असेना, गाडी आली असं लिहिता येत नाही. मागची दुसरी गाडी सोडता येत नाही." जरा थांबून ते म्हणाले, "पस्तीस वर्षांत एकदाबी मी एकटा पुढं आलो नाही आणि एकदाबी डबा मागं ठेवला नाही. आता ह्या वयात टेम्पोच्या भरवशावर सोडू होय?"

कुणी काही बोललं नाही. गुरुजी चेनकव्हर पुसत होते. ते आधीच स्वच्छ होतं. मी डोकी मोजली. तेवीस. कॅश जुळल्यावर संध्याकाळी जसं वाटतं तसं वाटलं.

नंतर इंजिनिअरनं स्वतःच आम्हाला सांगितलं, की त्या दोनशे किलोमीटरच्या सफरींत पहिला-दुसरा असा नंबर काढतच नाहीत. वेळेत आले ते सगळे सारखे. उलट दोनशे किलोमीटर पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत संपवले, तर शिक्का मारणारं टेबल उघडलेलंच नसतं, थांबावं लागतं. "हे तुला माहीत होतं तर मग?" असं वकीलसाहेबांनी उलटतपासणीच्या सुरात विचारलं. त्यावर तो हसला. त्या दिवशी सबंध क्लबात सर्वांत जास्त किलोमीटर त्याचेच झाले होते, साठाच्या वर. सरासरी मात्र त्यानं कुणाला दाखवली नाही.

दोन गटांचा ठराव पुन्हा कुणी काढला नाही. तो मागेही घेतला नाही. नुसता इतिवृत्तात पडून आहे, बिल्ल्यासारखा.

यंदा चिटणीस म्हणून इंजिनिअरची निवड झाली. सहलीची यादी त्यानं मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर टाकली. यादी त्यानं मागून लिहिली होती. अनुक्रमांक एक, गुरुजी. अनुक्रमांक दोन, गार्डसाहेब. मग आम्ही सगळे, आणि सर्वांत शेवटी तो स्वतः. खाली टीप होती, 'वेग अनुक्रमांक एकप्रमाणे.'

गुरुजी मोबाइलवर उत्तर देत नाहीत. त्यांना तो फक्त वाजतो एवढंच माहीत आहे. दोन दिवस गेले, तीन गेले, वर्गणी आली नाही. खजिनदार म्हणून मला रोज यादीतलं पहिलंच नाव रिकामं दिसत होतं, आणि घरी जाऊन आठवण द्यायची हिंमत होत नव्हती.

चौथ्या दिवशी बँकेत दुपारच्या गर्दीत बाहेर घंटा वाजली. दोन गावं जागी करील अशी. गुरुजी रांगेत उभे राहिले. पुढे या म्हटलं तरी आले नाहीत, आपला नंबर येईपर्यंत थांबले. मग काउंटरवर दोनशे रुपये ठेवले, सगळी नाणी, आणि म्हणाले, "मोजून घे. घाई नाही."

मी मोजून घेतले. पावती फाडली. अनुक्रमांक एक.